शिंगावरून कूळ ठरत नाही



बैलाला शिंगे असतात, चितळाला असतात आणि गेंड्यालाही असते. तिन्ही ठिकाणी आपण 'शिंग' हा एकच शब्द वापरतो. परंतु नीट पाहिले तर या तीन निराळ्या वस्तू आहेत. बैलाच्या शिंगात आत हाडाचा गाभा असतो आणि त्यावर नखासारख्या पदार्थाचे टोपण असते. चितळाचे शिंग म्हणजे नुसते हाड. ते गळून पडते आणि पुन्हा नवे उगवते. गेंड्याच्या शिंगात हाड मुळीच नसते. आपली नखे व केस ज्या पदार्थाचे असतात त्याच पदार्थाचे ते भरीव शिंग असते. तेव्हा दोघांना शिंग आहे एवढ्यावरून दोन प्राण्यांचे नाते जुळत नाही.

मग ते कशावरून जुळवायचे? हे समजून घेण्यासाठी आज एका अशा प्राण्याची ओळख करून घेऊ, की ज्याच्या शिंगांनी मोठमोठ्या पंडितांना चकविले. त्याचे नाव ट्रायसेराटॉप्स. तीन शिंगांचा, झाडपाला खाणारा डायनासोर. मुलांच्या चित्रांच्या पुस्तकात आणि जत्रेतल्या प्लास्टिकच्या खेळण्यांत तो हमखास असतो.

आधी बैल, मग डायनासोर

१८८७ साली अमेरिकेतील कोलोरॅडो राज्यात, डेन्व्हर शहराजवळ जॉर्ज कॅनन यांना दोन भली मोठी अश्मीभूत शिंगे सापडली. शिंगांना कवटीच्या माथ्याचा थोडा भाग चिकटलेला होता, बाकी काही नव्हते. ही शिंगे येल विद्यापीठातील प्राध्यापक ऑथ्निएल चार्ल्स मार्श यांच्याकडे गेली. त्या काळी अमेरिकेत जीवाश्मांचे त्यांच्याएवढे जाणकार थोडेच होते. मार्श यांनी शिंगे पाहिली आणि निकाल दिला, की हा प्राचीन काळचा एक प्रचंड बायसन आहे. बायसन म्हणजे आपल्या गव्याच्या नात्यातला अमेरिकेतला रानबैल. त्यांनी त्याला 'बायसन अल्टिकॉर्निस' असे नावही देऊन टाकले.

पुढच्याच वर्षी, १८८८ मध्ये, वायोमिंग राज्यात एक गोष्ट घडली. एका गुराख्याला घळीच्या दरडीतून एक राक्षसी कवटी बाहेर आलेली दिसली. त्याने दोराचा फास टाकून ती ओढून पाहिली. शिंग तुटून हाती आले आणि कवटी गडगडत घळीच्या तळाला गेली. ते शिंग त्याने आपल्या मालकाला दिले. मालकाकडे ते जॉन बेल हॅचर नावाच्या तरुणाच्या दृष्टीस पडले. हॅचर हा मार्श यांचा पगारी जीवाश्म शोधणारा. तो माग काढीत घळीपर्यंत पोहोचला आणि कवटी खणून काढून तिची रवानगी येलला केली.

आता मार्श यांच्यासमोर दोन शिंगांच्या जागी जवळजवळ अख्खे डोके आले. त्याला पोपटासारखी चोच होती आणि नाकावर तिसरे शिंग होते. मानेवर हाडाची रुंद झालर पसरली होती. बैलाला यातले काहीही नसते. १८८९ मध्ये मार्श यांनी या प्राण्याला 'ट्रायसेराटॉप्स हॉरिडस' हे नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ तीन शिंगांचे तोंड असा होतो. हॉरिडस हा लॅटिन शब्द, त्याचा अर्थ खडबडीत. डेन्व्हरचा तो बैलही याच घराण्यातला निघाला. एवढ्या मोठ्या विद्वानाचा निर्णय एका कवटीने फिरवला.

डोक्यापासून खुरांपर्यंत

पूर्ण वाढ झालेला ट्रायसेराटॉप्स ८ ते ९ मीटर लांब असे. म्हणजे आपल्या एस.टी. बसपेक्षा थोडा आखूड. कमरेपाशी उंची सुमारे ३ मीटर. वजनाचा अंदाज ५ ते ९ टनांचा आहे. नुसते डोकेच अडीच मीटरपर्यंत लांब भरते, घराच्या दारापेक्षाही मोठे. जमिनीवरच्या प्राण्यांत एवढे मोठे डोके फार थोड्यांना लाभले.

डोळ्यांवरची दोन शिंगे प्रत्येकी सुमारे एक मीटर लांब आणि नाकावरचे आखूड. त्यांची घडण मात्र बैलासारखीच होती. आत हाडाचा गाभा आणि बाहेर नखासारख्या पदार्थाचे टोपण. जमिनीत आपल्याला गाभा मिळतो, टोपण बहुधा कुजून जाते. तेव्हा जिवंतपणी शिंगे याहूनही लांब असणार. मार्श का फसले ते येथे कळते. शिंगाची घडण सारखी होती, पण प्राणी सर्वस्वी निराळा.

मानेवरची झालर सुपासारखी रुंद आणि हाडाची असे. या घराण्यातल्या बहुतेक प्राण्यांच्या झालरीत दोन मोठी भोके असतात, त्यामुळे ती वजनाला हलकी होते. ट्रायसेराटॉप्सची झालर मात्र भरीव आहे. ती कशासाठी? २००९ मध्ये शास्त्रज्ञांनी पुष्कळ कवट्यांवरच्या जखमा मोजून पाहिल्या. ट्रायसेराटॉप्सच्या झालरीवर बऱ्या झालेल्या जखमांच्या खुणा अधिक मिळाल्या, आणि त्याही दोन नर म्हशी शिंगे अडकवून झुंजावेत तशा झुंजीत होतील अशा जागी. टायरॅनोसॉरस या मांसाहारी डायनासोरच्या दातांच्या खुणाही काही हाडांवर आहेत. एका कवटीचे चावून तुटलेले शिंग तर नंतर भरून आलेले दिसते. याचा अर्थ तो प्राणी त्या हल्ल्यातून वाचला होता.

एवढे जड डोके हलवायचे कसे? कवटीच्या मागे चेंडूसारखे एक गोल हाड आहे. ते मानेच्या मणक्याच्या वाटीत बसते. त्यामुळे डोके सर्व बाजूंना सहज फिरत असे. मानेचे पहिले काही मणके एकमेकांना जुळून त्यांचा एकच भक्कम खांब झालेला असतो. डोक्याचा सारा भार त्यावर.

तोंडाची रचना तर मोठी मजेची आहे. पुढे दात नाहीत, नुसती चोच. मागे दातांच्या रांगा. जबड्याच्या प्रत्येक बाजूला दातांचे ३६ ते ४० उभे रकाने आणि प्रत्येक रकान्यात एकाखाली एक ३ ते ५ दात. सगळे मिळून ४३२ ते ८०० दात होतात. वरचा दात झिजला की खालचा त्याची जागा घेई. गाय जबडा आडवा फिरवून जात्यासारखे दळते. ट्रायसेराटॉप्सचे दात अडकित्त्यासारखे उभे कातरत. २०१५ मध्ये हे दात सूक्ष्मदर्शकाखाली तपासले गेले. बहुतेक सरपटणाऱ्या प्राण्यांच्या दातात दोन प्रकारचे थर असतात, घोडा व बायसन यांच्या दातात चार, आणि ट्रायसेराटॉप्सच्या दातात पाच निघाले. हे थर कमी-अधिक झिजत असल्यामुळे दाताची धार आपोआप टिकून राही. जमिनीलगतची चिवट पाने व झुडपे खाणाऱ्या प्राण्याला असेच दात हवेत.

पुढचे पाय मागच्यापेक्षा आखूड. पुढच्या पायाला पाच बोटे, पण भार घेणारी खुरासारखी बोटे तीनच. मागच्या पायाला चार बोटे.

आपल्याकडे तो होता काय?

ट्रायसेराटॉप्स भारतात नव्हता. त्याची हाडे उत्तर अमेरिकेच्या पश्चिम भागातच मिळतात. सुमारे ६ कोटी ८० लाख ते ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी तो तेथे वावरत होता. त्या काळी भारताची भूमी आशियाला जोडलेली नव्हती. ती समुद्रातून उत्तरेकडे सरकत होती. त्याच काळाच्या अखेरीस आपल्या दख्खनमध्ये जमिनीच्या भेगांतून लाव्हारस वाहू लागला. सह्याद्रीचा काळा दगड आणि आपल्या लेण्यांचा कातळ त्यातूनच तयार झाला. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आजच्या मेक्सिकोतील युकातान भागात एक प्रचंड अशनी आदळली आणि ट्रायसेराटॉप्ससह असंख्य जीव नष्ट झाले.

डायनासोर मात्र आपल्याकडेही होते. चंद्रपूर जिल्ह्यातील पिसदुरा येथे लांब मानेच्या डायनासोरची हाडे मिळाली आहेत. गुजरातेतील रैयोली येथे मिळालेल्या हाडांवरून २००३ मध्ये 'राजासॉरस' या डायनासोरचे नामकरण झाले. या राजासॉरसच्या कपाळावर एक बुटके शिंग होते. मग तो ट्रायसेराटॉप्सचा भाऊबंद समजायचा का? मुळीच नाही. राजासॉरस मांस खाणारा आणि दोन पायांवर चालणारा. दोघांची घराणी अगदी वेगळी. हे कसे ठरवतात ते पायरी-पायरीने पाहू.

कूळ ठरविण्याच्या पायऱ्या

पहिली पायरी कमरेची. इंग्लंडमधील हॅरी सीली यांनी १८८७ च्या सुमारास डायनासोरांचे दोन मोठे विभाग पाडले. एकाच्या कमरेचे पुढचे हाड सरड्यासारखे पुढे झुकलेले असते, तर दुसऱ्याचे पक्ष्यासारखे मागे वळलेले. राजासॉरस पहिल्या विभागात बसतो, ट्रायसेराटॉप्स दुसऱ्यात. येथेही गंमत आहे. आजचे पक्षी निपजले ते सरड्यासारख्या कमरेच्या विभागातून. म्हणजे कमरेचा आकार तेवढा पक्ष्यासारखा दिसला म्हणून ट्रायसेराटॉप्स पक्ष्यांचा पूर्वज ठरत नाही.

दुसरी पायरी खालच्या जबड्याची. या दुसऱ्या विभागातल्या डायनासोरांच्या खालच्या जबड्याच्या टोकाला एक जादा हाड असते. खालची चोच त्यावर बसते.

तिसरी पायरी सर्वांत महत्त्वाची. वरच्या चोचीच्या टोकालाही एक स्वतंत्र हाड असणे. हे हाड केवळ एकाच घराण्यात मिळते. मार्श यांनी १८९० मध्ये त्या घराण्याला 'सेराटॉप्सिया' म्हणजे शिंगतोंडे असे नाव दिले. पण आता पुढचे ऐका. मंगोलियात मिळालेल्या आणि १९२३ मध्ये नाव मिळालेल्या 'सिटाकोसॉरस' या डायनासोरला डोक्यावर शिंग नाही, मोठी झालर नाही, आणि अंगाने तो माणसाएवढा लांब. तरीसुद्धा तो शिंगतोंड्यांच्या घराण्यातला आहे, कारण ते चोचीचे हाड त्याच्याजवळ आहे. शिंग असलेला राजासॉरस घराण्याबाहेर आणि बिनशिंगी सिटाकोसॉरस घराण्यात!

चौथी पायरी घराण्यातल्या शाखांची. मोठ्या शिंगांच्या डायनासोरांच्या दोन शाखा आहेत. एकीत सामान्यपणे नाकावरचे शिंग मोठे आणि झालर आखूड, तर दुसरीत डोळ्यांवरची शिंगे मोठी आणि झालर लांब. ट्रायसेराटॉप्सची झालर त्या मानाने आखूड, म्हणून कित्येक वर्षे काही विद्वान त्याला पहिल्या शाखेत बसवीत. पुढे कवटीच्या सर्व भागांचा एकत्र विचार झाला तेव्हा तो दुसऱ्या शाखेतला ठरला.

किती नावे, किती प्राणी?

नवी कवटी मिळाली की नवे नाव, असा प्रघात मार्श यांच्या काळी होता. त्यामुळे ट्रायसेराटॉप्सचे पंधराहून अधिक प्रकार कागदावर तयार झाले. कुणाचे शिंग जरा वाकडे, कुणाची झालर जरा रुंद. १९८६ मध्ये दोन शास्त्रज्ञांनी म्हटले, की हे सगळे एकाच प्रकारचे प्राणी आहेत. माणसामाणसांत नाही का नाकडोळ्यांचा फरक असत! १९९६ मध्ये कॅथरिन फॉर्स्टर यांनी कवट्यांची पुन्हा तपासणी करून दोन प्रकार मान्य केले. २०१४ मध्ये मोंटाना राज्यातील खडकांच्या थरांवरून असे दिसले, की त्यांतला एक प्रकार खालच्या म्हणजे जुन्या थरांत आणि दुसरा वरच्या म्हणजे नव्या थरांत मिळतो.

वयाचाही मोठा प्रश्न होता. जॅक हॉर्नर व मार्क गुडविन यांनी २००६ मध्ये लहानापासून थोरापर्यंतच्या दहा कवट्या ओळीने मांडून दाखविल्या. पिलांची शिंगे इवलीशी, पुढे ती मागे वळलेली, आणि वय वाढले की पुढे झुकलेली. या ओळीतली एकच कवटी पाहणाऱ्याला पोर आणि बाप दोन निराळे प्राणी वाटले असते.

२०१० मध्ये जॉन स्कॅनेला व हॉर्नर यांनी आणखी पुढचे पाऊल टाकले. लांब आणि भोकांच्या झालरीचा 'टोरोसॉरस' म्हणजे म्हातारा ट्रायसेराटॉप्सच, असे त्यांनी मांडले. त्यावर 'ट्रायसेराटॉप्स कधी नव्हताच' अशी आवई उठली. तिला आधार नव्हता. टोरोसॉरस हे नाव १८९१ चे आणि ट्रायसेराटॉप्स १८८९ चे. दोन नावे एकाच प्राण्याची ठरली तर आधीचे नाव राहते, असा नियम आहे. शिवाय २०११, २०१२ आणि २०२२ मध्ये इतर शास्त्रज्ञांनी हाडांची वाढ तपासून दोघे वेगळेच असल्याचे पुरावे दिले. बहुतेक जाणकारांचा कल आज त्या बाजूला आहे. विज्ञानात असा वाद झाला म्हणून कुणी कमीपणा मानीत नाही. पुरावा टेबलावर ठेवायचा आणि दुसऱ्याने तो तपासायचा, ही तिथली रीतच आहे.

कवट्या वर काढणारा माणूस

या सगळ्या वादाला जी हाडे लागली, ती आली कुठून? येथे पुन्हा जॉन बेल हॅचर याच्याकडे वळले पाहिजे. हॅचर शेतकरी घरातला. कॉलेजच्या फीचे पैसे जमविण्यासाठी त्याने कोळशाच्या खाणीत काम केले. खाणीतल्या दगडांत त्याला जीवाश्म दिसले आणि त्याला या विषयाची गोडी लागली. १८८४ मध्ये तो येलचा पदवीधर झाला आणि मार्श यांच्या नोकरीत लागला.

१८८९ पासून पुढच्या काही वर्षांत त्याने वायोमिंगच्या ओसाड माळावरून शिंगतोंड्या डायनासोरांच्या तीसहून अधिक कवट्या काढल्या. एकेका कवटीचे ओझे दगडासकट टनाच्या घरात. ती खणायची, बांधायची आणि घोड्यांच्या गाडीतून रेल्वेपर्यंत न्यायची. बारीक जीवाश्म दातांसाठी त्याने मुंग्यांची वारुळे शोधली, कारण मुंग्या बारीक खड्यांबरोबर दातही वर आणून ठेवतात, हे त्याने हेरले होते. टोरोसॉरसच्या पहिल्या कवट्याही त्यानेच काढल्या. परंतु शोधाची घोषणा आणि नाव देण्याचा मान मार्श यांचा. मदतनीसांनी स्वतः लेख छापू नयेत, असा त्यांचा कटाक्ष असे. १८९३ मध्ये हॅचरने ती नोकरी सोडली.

मार्श १८९९ मध्ये वारले. शिंगतोंड्या डायनासोरांवरचा त्यांचा मोठा ग्रंथ अपुरा राहिला होता. तो पुरा करण्याचे काम हॅचरकडे आले. तेही पुरे होण्याआधी, १९०४ मध्ये, अवघ्या बेचाळिसाव्या वर्षी टायफॉइडने त्याचा मृत्यू झाला. शेवटी रिचर्ड लल यांनी काम पुरे केले आणि १९०७ मध्ये ग्रंथ निघाला. त्यावर पहिले नाव हॅचरचे आहे. कबरीवर मात्र नाव नव्हते. पिट्सबर्ग शहरातील त्याच्या कबरीला १९९५ पर्यंत साधा दगडही नव्हता. त्या वर्षी जीवाश्म-शास्त्रज्ञांच्या संघटनेने तेथे दगड बसविला आणि त्यावर टोरोसॉरसचे चित्र कोरले.

वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात १९०५ मध्ये ट्रायसेराटॉप्सचा जगातला पहिला सांगाडा उभा राहिला. तो हॅचरने काढलेल्या निरनिराळ्या प्राण्यांची हाडे जोडून केलेला होता. मागची पावले तर दुसऱ्याच, बदकचोच्या डायनासोरची लागली होती. नव्वदेक वर्षे लोक तोच सांगाडा पाहत होते. पुढे एकेक हाड संगणकावर घेऊन चुका दुरुस्त केल्या आणि २००१ मध्ये नवा सांगाडा मांडला. त्याचे नाव ठेवले 'हॅचर'.

पालकांसाठी एक सूचना

घरात ट्रायसेराटॉप्सचे खेळणे किंवा चित्र असेल तर मुलांना ते तपासायला सांगा. चोच दाखविली आहे काय? पुढच्या पायाला बोटे किती? झालर भरीव की भोकांची? चूक सापडली तर मुलाला शाबासकी द्या. पुस्तकात छापले आहे किंवा मोठ्यांनी सांगितले आहे म्हणून गप्प बसायला शिकवू नका. मार्श यांच्यासारख्या पंडिताचा बैल जर एका कवटीने डायनासोर ठरविला, तर आपल्या मुलाच्या एका प्रश्नालाही तेवढी किंमत असलीच पाहिजे. आणि उत्तर शोधताना त्याला हेही सांगा, की पुस्तकातल्या प्रत्येक नावामागे कुणीतरी उन्हातान्हात जमीन खणलेली असते.